आधी सावली, मग ऊन : टोमॅटोच्या रोपाचे पहिले पस्तीस दिवस

मी कुंभकोणमहून बोलतोय. आजचा विषय टोमॅटो, आणि तोही अर्धाच. बी पेल्यात पडल्यापासून रोप गच्चीवर किंवा परसात उघड्यावर जाईपर्यंतचे पस्तीसेक दिवस, एवढंच आज बघायचं. पुढची काठी, बांधणी, खतं, फळ पोखरणारी अळी हे सगळं आज बाजूला ठेवतो.

एवढाच भाग का निवडला ते सांगतो. टोमॅटोबद्दल लोक मला जे विचारतात ते बहुतेक झाड मोठं झाल्यावरचं असतं. फुलं गळतात. पानं वाटीसारखी वळतात. झाड माणसाएवढं झालं, फळ एक नाही. जरा खोदून विचारलं की कळतं, गडबड पहिल्या महिन्यातली आहे. मोठ्या झाडावर मग कितीही फवारा, तो पहिला महिना परत येत नाही.

जुलै २०२३ आठवत असेल. देशभर टोमॅटो शंभर रुपये किलोच्या वर गेला होता. तिकडे चेन्नईत सरकारनं रेशनच्या दुकानांतून साठ रुपयांनी विकला. त्या महिन्यात माझ्या ओळखीच्या पाच-सहा घरांनी चिडून बिया पेरल्या. झाडं छान झाली, हिरवीगार. सप्टेंबरात फुलांनी भरली आणि सगळी फुलं देठापासून पिवळी पडून खाली. मग ऑक्टोबरात पाऊस सुरू झाला आणि उरलंसुरलं कुजलं. त्यातल्या चार घरांत अजून कुंड्या उपड्या पडलेल्या आहेत. "आमच्या हाताला गुण नाही" असं शेजारच्या मामी म्हणतात. हाताला गुण आहे हो मामी, त्यांच्याकडची जास्वंद बघावी! चुकला तो महिना. म्हणून आधी महिन्याचं बोलू.

टोमॅटो हे मुळात दक्षिण अमेरिकेतल्या अँडीजच्या बाजूचं कुळ. दिवसा ऊन, रात्री गारवा, ही त्याची सवय. झाड उकाड्यात वाढतं, पण फळ धरायला त्याला रात्र गार लागते. साधारण १५ ते २१ अंश. रात्र २४-२५च्या खाली उतरेनाशी झाली किंवा दिवस ३५च्या वर गेला की परागकण नीट तयार होत नाहीत, फूल फळत नाही आणि झाड ते टाकून देतं. खत कमी पडलं म्हणून टाकतं असं नव्हे. कुंभकोणममध्ये मे महिन्यात रात्री घामानं उशी भिजते, आणि सप्टेंबरातही फार वेगळं नसतं. गारवा म्हणावा असा मिळतो तो डिसेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीपर्यंत. म्हणजे आपलं झाड त्या दोन महिन्यांत फुलावर असलं पाहिजे.

आता उलटं मोजू. फौजेत हेच करतात. तुकडी अमुक वाजता पोचायची असेल तर निघायची वेळ तिथून मागे मोजून काढायची. फुलं हवीत जानेवारीच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात. रोप बाहेर लावल्यापासून फूल यायला पंचवीस-तीस दिवस, म्हणजे लावणी डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात. रोप तयार व्हायला तीस ते पस्तीस दिवस, म्हणजे बी पडलं पाहिजे नोव्हेंबरच्या सुरुवातीला. इथल्या पंचांगात सांगायचं तर ऐप्पसीत दिवाळीच्या आसपास बी, कार्तिगैच्या दिव्यांच्या सुमाराला रोप कणखर करायचं, मार्गळी लागता लागता लावणी, पोंगलला फूल, आणि मासी मागमला महामहम तळ्यावर गर्दी होते त्या सुमाराला लाल टोमॅटो. एकदा हे सणांना बांधलं की वहीत लिहून ठेवावं लागत नाही.

इथले जुने लोक सांगतात की आडी महिन्यात पेरा. आडी म्हणजे जुलैच्या मध्यापासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत. भेंडी, वांगी, दोडका, पडवळ, वाल यांना ते अगदी बरोबर आहे. टोमॅटोला मात्र त्रिभुज प्रदेशातली आडी मानवत नाही. टोमॅटो इकडे उशिरा आलेलं फळ, त्याचा हिशेब जुन्या म्हणींत कसा असणार? त्याला नावसुद्धा उसनं आहे. तमिळमध्ये तक्काळी म्हणतात, पण जुन्या बोलण्यात सीमै तक्काळी, म्हणजे विलायती. मणत्तक्काळी ही वेगळी, इथली, आपली कामोणी. आपल्याकडे तरी काय, विदर्भात भेदरं आणि जुन्या माणसांच्या तोंडी बेलवांगी. इकडच्या जुन्या घरांत श्राद्धाच्या स्वयंपाकात अजूनही टोमॅटो पडत नाही. असो.

तर बी नोव्हेंबरच्या सुरुवातीला पडलं पाहिजे, आणि इथेच खरी अडचण आहे. महाराष्ट्रात ज्या वेळी पाऊस संपून आभाळ निवळतं, त्या वेळी आमच्याकडे पाऊस सुरू होतो. ऑक्टोबर ते डिसेंबर हा ईशान्य मोसमी पावसाचा काळ, आणि नोव्हेंबर त्यातला जोराचा. नोव्हेंबर २०१८मध्ये गजा चक्रीवादळ आलं तेव्हा या पट्ट्यात नारळाची उभी झाडं मुळासकट आडवी झाली. तिथं दोन पानांच्या टोमॅटोचं काय? जमिनीवर गादीवाफा केला तर कावेरीची चिकण माती पाणी धरून बसते आणि चार दिवसांत रोपं झोपतात. म्हणून इथं कुंडीतलं रोप ही हौस नाही. पाऊस बाहेर पडत असताना रोप ओट्यावर, छपराखाली वाढवायचं आणि पाऊस ओसरला की तयार रोप बाहेर काढायचं, हाच एक मार्ग आहे.

आता एक गोष्ट जरा नीट लक्षात घ्या. टोमॅटोची रोपं घरात कशी वाढवायची यावरची बरीचशी पुस्तकं आणि चित्रफिती थंड देशांतल्या आहेत. तिथं बाहेर बर्फ असतो म्हणून बी घरात लावतात, खाली गरम पट्टी ठेवतात, आणि रोप बाहेर काढताना थंडीची सवय लावतात. तो सल्ला त्यांच्या जागी योग्य आहे. आपण तोच उचलून इथं लावला तर रोप मरतं, कारण आपले शत्रू दुसरे आहेत: ऊन, ओल आणि पांढरी माशी. ऊब आपल्याकडे फुकट आहे. बी २५ ते ३० अंशांत चार ते सात दिवसांत उगवतं, ३५च्या वर उगवण मंदावते. गरम पट्टी कसली, इथं बियांचा पेला गच्चीच्या तापलेल्या फरशीवरून उचलून आत आणावा लागतो.

ही मालिका इंदूरपासून तंजावरपर्यंतचे मराठी लोक ऐकतात, तेव्हा बाकीच्यांचं झटपट सांगतो. कोकण-गोव्यात दसऱ्याला बी, पाऊस गेला की लावणी. पुणे, नाशिक, बेळगावकडे हवा इतकी दयाळू आहे की जवळजवळ वर्षभर रोपं चालतात, फक्त भर उन्हाळ्यात फुलं येतील असं करू नका. नागपूर, चंद्रपूरकडे सप्टेंबरात बी टाका, म्हणजे मार्चचं ऊन चढायच्या आत फळं हाती येतील. इंदूर-ग्वाल्हेर-दिल्लीवाल्यांना मात्र जानेवारीची थंडी नडते, तिथं रोप अगदी थांबून राहतं. त्यांनी एकतर ऑगस्टमध्ये बी टाकावं, नाहीतर डिसेंबर-जानेवारीत घरात रोपं करून फेब्रुवारीत बाहेर न्यावीत. त्यांच्यापुरती ती विलायती पुस्तकं थोडी खरी आहेत.

बियाण्याबद्दल. तमिळनाडूच्या बाजारात दोन तक्काळी दिसतात, नाट्टु आणि बंगळूर. नाट्टु म्हणजे गावठी, आंबट, रसाळ, पातळ सालीचा. बंगळूर म्हणजे घट्ट, प्रवासाला टिकणारा संकरित. रसमला नाट्टु लागतो, यावर इथं कुठल्याही घरात दुमत नाही. कुंडीसाठी पेरियाकुळमच्या फलोद्यान महाविद्यालयाचा पीकेएम-१ चांगला. झुडपासारखा वाढतो, फळ चपटं-गोल, देठाजवळ हिरवा खांदा, चवीला आंबट. तेनीजवळच्या अन्नंजीच्या गावठी वाणातूनच तो तयार केला आहे. पानं वळण्याच्या रोगाचा आधी अनुभव असेल तर बंगळुरूच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेचा अर्का रक्षक घ्या. तो पर्णगुच्छ, जिवाणूजन्य मर आणि करपा या तिन्हींना टिकून राहतो. त्याचं बी दर वेळी नवं घ्यावं लागतं, कारण तो संकरित आहे. महाराष्ट्रात राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचे धनश्री आणि भाग्यश्री हे वाण आहेत. लहान चेरी टोमॅटो उकाड्यात मोठ्यांपेक्षा जास्त फळतो, तेव्हा ज्यांना महिना साधता येत नाही त्यांनी तो लावावा.

पाकिटातलं बी गुलाबी किंवा लाल दिसलं तर त्याला बुरशीनाशक लावलेलं असतं. हात धुवा, नातवंडांना ते मोजायला देऊ नका. एका ग्रॅममध्ये अडीचशे-तीनशे बिया असतात, म्हणजे घराला चिमूटभर पुरतं. पाहिजेत त्याच्या दुप्पट पेरा. सहा झाडं हवीत तर बारा बिया.

आता माती. रोपाच्या पेल्यात इथली नदीची माती अजिबात घालू नका. ती शेताला सोनं आहे, पेल्यात मात्र विटेसारखी बसते. मी तीन वाटे कोकोपीट, एक वाटा चाळलेलं गांडूळखत आणि एक वाटा भाताचं जळकं तूस घेतो. भातगिरण्यांच्या गावात तूस मागायची लाज नसते. पाच किलोची कोकोपीटची वीट पाण्यात फुगून साठ-सत्तर लिटर होते, म्हणून सगळी भिजवू नका. महत्त्वाचं म्हणजे धुवा. नारळाच्या भुश्यात मीठ असतं, किनारपट्टीकडच्या मालात जास्तच. बादलीत भिजवून, पिळून, पाणी टाकून द्यायचं, असं दोन-तीन वेळा. पहिलं पाणी कडक चहासारखं निघतं, तिसऱ्यांदा फिकट आलं की पुरे. न धुतलेल्या कोकोपीटमध्ये बी उगवतं, पण रोप दोन पानांवर अडून बसतं आणि पानांच्या कडा जळतात. लोक मग खत घालतात, म्हणजे मिठावर आणखी मीठ. मिश्रणात किलोला चमचाभर ट्रायकोडर्मा मिसळून दोन दिवस ओलसर ठेवलं तर उत्तम.

भांडं म्हणाल तर काहीही चालतं. दह्याचा डबा, कागदी चहाचा पेला, शहाळ्याचा कापलेला अर्धा भाग. तळाला भोकं मात्र हवीत, एक नाही, चार-पाच. रोपवाटिकेत ९८ कप्प्यांचा ट्रे वापरतात. तो शेतकऱ्यासाठी ठीक आहे, कारण त्याची रोपं पंचविसाव्या दिवशी शेतात जातात. घरी आपली लावणी पावसामुळे आठवडाभर पुढे जाऊ शकते आणि तेवढ्या कप्प्यात मुळं गुंडाळी करून बसतात. म्हणून घरी मोठा पेला बरा.

बी अर्धा सेंटिमीटर खोल, वर हलकं मिश्रण, पाणी शिंपडून. उगवेपर्यंत वर कागद झाका. पहिला कोंब दिसला की कागद त्याच दिवशी काढायचा, संध्याकाळपर्यंतसुद्धा थांबायचं नाही. अंधारात टोमॅटोचं रोप एका दिवसात उंच होतं, आणि तो लुकडेपणा पुढे भरून निघत नाही.

उजेडाची गोष्ट इथं गुंतागुंतीची होते, कारण पाऊसही टाळायचा आहे. खोलीतली खिडकी पुरत नाही. माणसाच्या डोळ्याला जे लख्ख वाटतं ते रोपाला तिन्हीसांज असते. इथल्या जुन्या घरांना मधे उघडा चौक असतो, मुट्रम म्हणतात. त्याच्या कडेची पागोळीआतली पट्टी रोपांसाठी अप्रतिम जागा आहे. वरून उजेड, हवा खेळती, पाऊस अंगावर नाही. ज्यांच्याकडे चौक नाही त्यांनी ओट्याची किंवा बाल्कनीची पूर्वेकडची कड पकडावी. रोप एका बाजूला कलत असेल तर पेला रोज अर्धा फिरवा. आणि एक गंमत करा. उगवून आठवडा झाला की दिवसातून एक-दोनदा रोपांच्या शेंड्यांवरून तळहात हलकेच दहा-वीस वेळा फिरवा. वारा लागल्यासारखं होतं आणि खोड बुटकं, जाड होतं. हे प्रयोगांनी सिद्ध झालेलं आहे, नुसतं लाड करणं नाही. हात मात्र स्वच्छ हवा, आणि पान ओलं असताना फिरवू नका.

हातांवरून आठवलं. कुंभकोणम हे विड्याच्या पानांचं गाव, आणि पानाबरोबर तंबाखू आलाच. तंबाखू आणि टोमॅटो एकाच कुळातले, आणि तंबाखूतला मोझॅक विषाणू वाळलेल्या पानात, पुडीतही जिवंत राहतो. तंबाखू मळलेल्या बोटांनी रोप उचललं की तो रोपात जातो. आमच्याकडे मदतीला येणारे माळीबुवा पट्टीचे पान खाणारे आहेत. त्यांचं पान मी बंद करू शकत नाही, पण रोपांपाशी साबण ठेवलेला आहे.

पाण्यानं सर्वांत जास्त रोपं मरतात. कमी पाण्यानं नाही, जास्त पाण्यानं. सकाळी उठून बघावं तर काल ताठ उभं असलेलं रोप मातीलगत चिमटा घेतल्यासारखं बारीक होऊन आडवं. याला रोपं कोलमडणं म्हणतात. ती बुरशी ओलीत आणि कोंडलेल्या हवेत वाढते. नोव्हेंबरात कुंभकोणममध्ये दोन्ही भरपूर. पडलेलं रोप उठत नाही, तो पेला मातीसकट बाहेर टाका. बाकीच्यांना एक दिवस पाणी देऊ नका आणि वारा लागेल असं ठेवा. एरवी पाणी वरून ओतण्यापेक्षा पेले परातीत ठेवून बोटभर पाणी घाला आणि पंधरा मिनिटांनी उरलेलं फेकून द्या. वरची माती वाळलेली दिसली की मगच पुन्हा. रोज सकाळी देवपूजेसारखं पाणी घालायची सवय असेल तर ती रोपांपुरती सोडा. पावसाळी दिवसांत दोन-दोन दिवस पाणी लागत नाही.

उगवल्यावर पहिली दोन पानं येतात ती गुळगुळीत, लांबट. ती खरी पानं नव्हेत. त्यानंतर कातरलेली येतात ती खरी. खरी दोन पानं आली की निवड करायची. प्रत्येक पेल्यात एकच ठेवा, दुसरं कात्रीनं कापा, उपटू नका, नाहीतर शेजारच्याची मुळं हलतात. लोकांचा हात इथं कचरतो. अहो, दोन भुकेल्यांपेक्षा एक पोटभर जेवलेलं बरं. छोट्या पेल्यात पेरलं असेल तर याच वेळी तीन-चार इंच रुंद पेल्यात हलवा, आणि हलवताना खोड त्या गुळगुळीत पानांपर्यंत मातीत पुरा. टोमॅटोच्या पुरलेल्या खोडाला नवी मुळं फुटतात. मिरची-वांग्याला ही कला फारशी जमत नाही, टोमॅटोला जमते. उचलताना पानाला धरा, खोडाला नाही. पान तुटलं तर दुसरं येईल. त्यानंतर आठवड्यातून एकदा १९:१९:१९ लिटरला एक ग्रॅम, किंवा गांडूळखताचं पातळ पाणी. त्याहून जास्त काही नको.

आता पांढरी माशी. हिच्यासाठी मला सगळ्यात जास्त वेळ घ्यायचा आहे, कारण पानं वाटीसारखी वळलेली जी झाडं लोक दाखवतात त्यांचं मूळ इथं असतं. शेतकरी याला बोकड्या म्हणतात. माशी मिलिमीटरभर लांब. रोगी झाडाचा रस पिते, विषाणू तिच्या अंगात जातो, आणि मग ती जिथे बसेल तिथे तो पोचवते. त्यावर औषध नाही. औषध असतं ते माशीवर, विषाणूवर नाही. फळं लागलेल्या झाडाला हा रोग झाला तर आधीची फळं तरी पिकतात. चार पानांच्या रोपाला झाला तर ते झाड जन्मभर खुरटं राहतं आणि तुम्ही चार महिने त्याला पाणी घालत बसता. म्हणून पहिला महिना सांभाळायचा.

साधी मच्छरदाणी उपयोगी नाही, तिच्या भोकांतून माशी आरामात जाते. कीटकांसाठीची ४० किंवा ५० मेशची पांढरी जाळी मिळते, ती घ्या. तारेचा किंवा बांबूच्या कामट्यांचा सांगाडा करून त्यावर टाका आणि खालून विटांनी दाबा. तेही नको असेल तर घरातली जुनी, विरलेली, पातळ सुती वेष्टी किंवा मलमलचं धोतर. उजेड थोडा कमी होतो, पण चालतं. पेले वांग्याच्या, भेंडीच्या, जास्वंदीच्या कुंड्यांपासून लांब ठेवा, माशीचं माहेर तिथं. पिवळ्या प्लॅस्टिकच्या तुकड्याला एरंडेल फासून जाळीबाहेर टांगला की किती माश्या फिरताहेत ते कळतं. रोप विकत आणणार असाल तर विकत घ्यायच्या आधी पान उलटून बघा. आणि आणल्यावर आठवडाभर आपल्या रोपांपासून वेगळं ठेवा.

विसाव्या-पंचविसाव्या दिवशी रोप वीतभर होतं, पाच-सहा पानं, खोड पेन्सिलीच्या जवळपास. दिसतं राजबिंडं. याच वेळी पावसात उघडीप मिळते, लोक खूश होऊन रोप उचलतात आणि गच्चीवर लावतात. दुपारपर्यंत पानांवर पांढरे, कागदासारखे डाग. तिसऱ्या दिवशी काडी.

फौजेत उंचावर जाणाऱ्या प्रत्येकाला हवामानाची सवय लावतात. नऊ ते बारा हजार फुटांवर सहा दिवस, बारा ते पंधरा हजारांवर चार दिवस, त्याच्या वर आणखी चार. पहिले दोन दिवस तर विश्रांतीच. त्यात हुद्दा बघत नाहीत आणि तब्येतही बघत नाहीत. दहा किलोमीटर धावणारा पोरगा म्हणतो मला काय गरज, आणि फुप्फुसात पाणी होऊन खाली आणावं लागतं ते कधी कधी त्यालाच. शरीराला आतून बदलायला जे दिवस लागतात ते लागतात. रोपाचं अगदी असंच आहे. सावलीत वाढलेल्या पानावरचा मेणाचा थर पातळ असतो, पेशी मोठ्या आणि पाण्यानं भरलेल्या असतात, मुळं वरच्या पसाऱ्याच्या मानानं थोडी असतात. ऊन आणि वारा थोडाथोडा लागला की थर जाड होतो, वाढ मंदावते, मुळं पुढे सरकतात. सगळ्यात हिरवंगार, खत खाऊन फुगलेलं रोप आधी करपतं, हे मी दर वर्षी बघतो.

याला आठ ते दहा दिवस द्या. पहिले दोन दिवस बाहेर, पण सज्जाखाली. वारा लागू दे, ऊन नको, दोन-तीन तास. तिसऱ्या-चौथ्या दिवशी सकाळी सात ते आठचं कोवळं ऊन. पुढचे दोन दिवस नऊपर्यंत, मग साडेदहापर्यंत, मग बारापर्यंत. सातव्या दिवसापासून रात्री बाहेर. शेवटी पूर्ण दिवस. या काळात खत बंद. पाणी कमी करा, पान जरासं मलूल दिसेपर्यंत थांबा, लोळेपर्यंत नाही. जाळी बाहेरही असू द्या. कार्तिगैतलं ऊन फसवं असतं. चार दिवस ढग, आणि पाचव्या दिवशी धुतलेल्या आभाळातून असं टोचतं की एप्रिल बरा. दोन दिवस ढगाळ गेले तर ते दिवस मोजायचे नाहीत, जिथं होतो तिथून पुढे. जोराचा पाऊस दिसला तर पेले आत. पायरी चुकली तर तीच पायरी पुन्हा. घाई कसली? एक आठवडा उशिरा गेलेलं कणखर रोप हे आधी गेलेल्या करपलेल्या रोपाला पंधरा दिवसांत मागे टाकतं.

रोप तयार झालं हे कसं ओळखायचं? खोड बोटांत धरलं तर मऊ लागत नाही, टणक लागतं, आणि त्यावर जांभळट छटा येते. पानाचा हिरवा रंग गडद होतो. दुपारच्या उन्हात दोन तास ठेवूनही पान ताठ राहतं. आणि पेल्यातून अलगद काढल्यावर मुळं मातीचा गड्डा धरून ठेवतात, माती सुटत नाही. मुळं तळाशी गोल फिरू लागली असतील तर उशीर झालाय, बोटांनी खालची जराशी मोकळी करा.

लावणी संध्याकाळी, उन्हं उतरल्यावर. कुंडी किमान पंधरा-वीस लिटरची, एका कुंडीत एकच झाड. गच्चीवर कुंडी थेट फरशीवर ठेवू नका, खाली दोन विटा, आणि काळी पिशवी असेल तर तिला पांढरं कापड गुंडाळा, नाहीतर मुळं शिजतात. खालची दोन-तीन पानं काढून खोड तेवढं खोल पुरा. काठी त्याच दिवशी रोवा, नंतर रोवली तर ती मुळांतून जाते. जुन्या सुती साडीची पट्टी इंग्रजी आठच्या आकड्यासारखी सैल बांधा. पश्चिमेकडून तीन दिवस नारळाच्या झावळीचा आडोसा. पहिलं पाणी खालच्या भोकांतून निघेपर्यंत द्या. दुसऱ्या दिवशी देऊ नका. बोट दोन पेरं मातीत घालून बघा, आत ओलं लागलं तर परवा सकाळी.